वाळीत टाकलेला गुलाबराव

हसायचं असेल तं आत्ताच हसून घ्या. मधात खिदळलं की माझा धागा तुटते, अन् धागा तुटला की मी शिव्या देतो. दुसऱ्याच्या फजितीचे किस्से मी रोजच सांगतो, ते तुम्ही मजेत आयकता. आज माझ्याच फजितीचा सांगून राहिलो. तेव्हा चहा गार झाला तरी चालेल, पण उठून जाचं नाही.

माझं नाव गुलाबराव. बायको म्हणते, सासूबाईनं फूल पाहून नाव ठेवलं, काटे मंग निघाले. शिकलो किती म्हणाल, तं सही येते अन् शिव्या येते. बाकी कशाची गरज पडली नाही.

पांढुर्ण्यात आमची तिघायची बैठक आहे. कडुनिंबाखाली चहाची टपरी, टपरीसमोर एक बाकडा, अन् बाकड्यावर आम्ही. एक नामदेव. त्याचा संत्र्याचा बगीचा आहे. दुसरा वसंता मास्तर. रिटायर होऊन जमाना झाला, पण अजून बोलताना बोटं अशी धरते की जसा काही खडूच आहे हातात. अन् तिसरा मी. माझं काम या दोघायले त्यायच्या चुका दाखवणं. हे काम मी बिनपगारी करतो, सुट्टी न घेता करतो, अन् आजवर त्यायनं एकदाही धन्यवाद म्हटलं नाही. पण आपण मोठ्या मनाचे.

आता तुम्ही म्हणाल, बाकड्याचं काय एवढं? अहो, माझ्या वयात माणसाजवळ राह्यते काय? दात गेले. गुडघे गेले. शेत पोरगं पाह्यते अन् मी बांधावर गेलो तं म्हणते, बाबा, उन्हात नका येऊ. मतलब, तोंड घेऊन घरी बसा. मंग माणसाले एक जागा लागते, जिथं तो गेला नाही तं कोणीतरी म्हणते, ‘काहून नाही आला बे तो?’ माझी तेवढीच एक जागा. अन् तीच गेली, असं मले कळलं. म्हणजे, मले वाटलं की कळलं.

झालं असं. थंडीचे दिवस, संत्रा पिकलेला, अन् मधातच दोन दिवस पाणी पडलं. उघडल्यावर मी नामदेवाच्या घरी निघालो. त्यानं गोठ्यावर नवे टीन टाकले होते, ते चुकीचे टाकले हे त्याले सांगाचं होतं. दार लोटलेलं. आतून नामदेव अन् मास्तरचा आवाज येऊन राहिला होता, अन् मधात माझं नाव.

दुसऱ्याच्या दाराले कान लावणं वाईट, हे मले माहीत आहे. म्हणून श्वास रोखून लावला.

मास्तर म्हणे, “मंग गुलाब्याचं काय केलं?”

“काय करता?” नामदेव म्हणे. “वाळीत टाकलं त्याले.”

“बरं केलं. वास मारून राहिला होता.”

“अबे, पुरा सडला होता आतून! वरून समजत नव्हतं एवढंच.”

“अन् डोकं?”

“डोकं तं पयलेपासून रिकामंच होतं मास्तर. आता भेगबी पडली. नवं पाहा लागते.”

“पाहा एखांदं चांगलं. तोवर?”

“तोवर पडला राहू दे तिकडंच. कोणी हात लावू नका म्हटलं सगळ्यायले.”

अन् दोघंही हसले. हसले!

आता सांगा. याच्यात काही शंका घ्याले जागा आहे काय? नाव माझं. डोकं रिकामं. आतून सडला. एवढी बारीक माहिती दुसऱ्या कोणाची असेल? टीनाचं सांगाचं तसंच राहिलं. मी जसा आलो तसा परतलो, अन् घरी येऊन भिंतीकडं तोंड करून लेटलो.

बायको आली. “अहो, जेवता ना?”

“भूक नाही.”

“काय खाल्लं बाहेर?”

“धोका खाल्ला.”

“मंग ओवा घ्या,” म्हणे, अन् खरंच ओव्याचं पाणी आणून देलं. पन्नास वर्षांच्या संसारात त्या बाईनं माझ्या प्रत्येक दुःखावर ओवाच देला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाकड्यावर गेलो. म्हटलं, पाहू तं खरं, कसं तोंड दाखवते. अन् काय सांगू! डोळे उघडले ना माणसाचे की सारं दिसते. मी बसलो तं नामदेव सरकला. आधी मले वाटलं असतं जागा देली. आता समजलं, अंग लागू नये म्हणून सरकला. मास्तर खोकला. कायले खोकला? इशारा! समोरून एक कुत्रं गेलं, तेही माझ्याकडं न पाहता गेलं. पण सगळ्यात मोठी गोष्ट चहाची. त्या दोघायले काचेच्या गिलासात चहा, अन् मले कागदाच्या कपात.

“अबे, गिलास कुठं आहे माझा?” मी टपरीवाल्याले म्हटलं.

“काका, फुटला काल. आज कपात घ्या.”

फुटला म्हणे! सगळ्या टपरीत नेमका माझाच गिलास फुटला! मी तो कागदाचा कप हातात धरून पाहत बसलो. प्याचा अन् फेकून द्याचा. माणसाचंही तेच.

घरी येऊन रामाकोन्याले देलेल्या पोरीले फोन लावला. “बेटा, मी तुझ्याकडं येतो म्हणतो राहाले. इथं माणुसकी उरली नाही.”

पोरगी म्हणे, “बाबा, पांढुर्ण्यात भांडायसाठी कोणीच नाही राहिलं काय?”

फोन ठेवून देला. रक्ताचं माणूस असं म्हणते, तं दुसऱ्याले काय दोष द्याचा?

मंग मी इचार केला. गुलाबराव, म्हटलं, राग बाजूले ठेवा. गरज तुमची आहे. जरा गोड बोलून पाहा. आता मी अन् गोड! पण पडती बाजू असली की माणूस काय नाही करत? दुसऱ्या दिवशी दाढी करून, तेल लावून बाकड्यावर गेलो. नामदेवानं रोजच्यासारखे दोन संत्रे खिशातून काढले. त्याच्या संत्र्याले मी आजवर आंबट म्हणत आलो. त्याच्या बापाच्या संत्र्यालेही आंबटच म्हटलं होतं, खानदानी आंबट. त्या दिवशी एक फोड तोंडात टाकली अन् डोळे मिटून म्हटलं, “वा! साखर आहे साखर!”

नामदेवाच्या हातातून दुसरं संत्रं खाली पडलं.

मास्तर म्हणे, “यंदा थंडी जास्त आहे.”

“एकदम बरोबर, मास्तर.”

मास्तर चपापला. त्याच्या थंडीवर मी दरवर्षी भांडतो. त्यानं मले तपासाले म्हणून आणखी एक टाकलं, “नाही, तसं पाह्यलं तं कमीच आहे म्हणा.”

“तेही बरोबर आहे तुमचं!”

आता दोघं एकमेकांकडं पाहाले लागले. नामदेवानं माझ्या कपाळाले हात लावला. “गुलाब्या, तब्येत बरी आहे ना बे? छातीत काही दुखते काय?”

“मले काय होते? तुम्ही आहे ना दोघं सोन्यासारखे.”

झालं! दोघंही उठले. टपरीमागं गेले अन् कुजबुजाले लागले. मी मान वळवून आयकलं तं “डागदर,” “शेवटचं,” “असंच होते म्हणते आधी,” असे तुकडे कानावर आले. बरं, तुम्ही सांगा, गोड बोललो तरी कुजबुज! म्हणजे निर्णय पक्का होता. आता माझ्या मनात काडीची शंका उरली नाही.

मले आला राग. म्हटलं, तुम्ही मले वाळीत टाकणारे कोण? मीच तुम्हाले टाकतो! घरी येऊन बायकोले बजावलं, “आजपासून या घरात नामदेव अन् मास्तर, दोघायचं नाव निघालं नाही पाह्यजे.”

“पण झालं काय?”

“काही झालं नाही. नाव काढाचं नाही.”

“अहो पण नामदेव भाऊजीचा निरोप—”

“काढलं ना! आत्ताच सांगितलं ना!”

“बरं बाई, नाही काढत,” ती म्हणे, अन् भाकरी थापत बसली. तिच्या तोंडावर जे हसू होतं ते मी पाह्यलं, पण कारण इचारलं नाही. इचारलं असतं तं आज तुम्हाले हा किस्सा आयकाले भेटला नसता.

आता बाकड्याबिना दिवस काढाचा कसा? घरात बसलो तं बायको कामं सांगते. म्हणून मी पूल ओलांडून सावरगावले गेलो.

बाहेरच्या माणसाले याच्यातली गंमत समजणार नाही. जांब नदीच्या इकडं आम्ही, तिकडं सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत आम्ही त्यायच्याकडं काय फेकतो अन् ते आमच्याकडं काय फेकते, हे साऱ्या मुलखाले माहीत आहे. बाकी वर्षभर सोयरीक, उसनपासन, सारं चालते. पण पांढुर्ण्याच्या म्हाताऱ्यानं आपला बाकडा सोडून सावरगावच्या पारावर जाऊन बसणं म्हणजे घरचं ताट सोडून शेजारच्या ओसरीवर बसण्यासारखं.

पारावर पुंडलिक नावाचा एक ओळखीचा माणूस होता, बाजारात राम-राम होते तेवढाच. त्यानं जागा देली.

“या गुलाबराव! आज इकडं कसे?”

“हवा पाहाले आलो.”

“तिकडची संपली काय?”

सारे हसले. एकजण म्हणे, “भाऊ, पोळा लांब आहे अजून. बुढा गोटे मोजाले तं नाही आला?” पुन्हा हसले. मीही हसलो. पाव्हण्याले हसा लागते.

पण तिथं मन लागेना. त्यायचे किस्से त्यायच्या माणसायचे. कोण तो सदू, कोणाची ती म्हैस, मले काय ठाऊक? ते हसले की मी मागून हसत होतो, अन् मी थांबलो की ते माझ्याकडं पाहत होते. मी आपली एक गोष्ट सांगितली, नामदेवाच्या टीनाची. कोणी हसलं नाही. त्यायनं नामदेवाचे टीन पाह्यलेच नव्हते, तं हसतील कायले? सगळ्यात वाईट म्हणजे, सारे माझ्याशी चांगले वागत होते. या बसा, चहा घ्या, पाय दुखते काय. अहो, माझी जीभ शिवशिवत होती, पण शिव्या देऊ कोणाले? शिवी द्याले माणूस आपला लागते. परक्याले शिवी देली तं मारामारी होते, गप्पा नाही होत.

तरी मी जात राहिलो. हट्ट म्हणजे हट्ट.

एक दिवस दुपार कलली अन् पारावरून उठाची वेळ झाली, तं पुंडलिक म्हणे, “गुलाबराव, तुम्ही आज इथं कसे काय?”

“काहून? रोजच आहे इथं.”

“नाही, तुमच्या नामदेवरावाकडं आज रोडगे आहे ना? तो धूर दिसून राहिला पाहा, त्यायच्याच बगीच्यातला.”

नामदेवाचा बगीचा सावरगावच्या पल्याड, नाल्याच्या काठी. झाडायच्या वर धुराची सरळ रेघ उभी होती.

रोडगे! ज्यानं खाल्ले नाही त्याच्यासाठी सांगतो, अन् त्याची कीवही करतो. जाड कणकेचे गोळे, गवऱ्यायच्या आरात भाजलेले, फोडून तुपात बुडवलेले, अन् संग झणझणीत वांग्याची भाजी. दरवर्षी संत्रा उतरवाच्या आधी नामदेवाच्या बगीच्यात रोडगे होते, अन् दरवर्षी आरासमोर मी बसतो. कोणता रोडगा केव्हा पलटवाचा हे त्या पूर्ण टोळीत मलेच समजते. अन् यंदा माझ्याबिना पेटवला जाळ! अन् ही खबर मले कोण देते? तं सावरगाव!

पारावरचे सारे माझ्याकडं पाहत होते. कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं. पुंडलिक हळूच म्हणे, “राहू द्या, इसरले असतील.” मले जर त्यानं एक धोंडा मारला असता ना, तं बरं वाटलं असतं. पांढुर्ण्याच्या माणसावर सावरगावनं दया केली! असा दिवस कोणावर येऊ नये.

उचलली काठी अन् निघालो तरातरा. म्हटलं, आज सोडत नाही. सगळ्यायच्या समोर इचारतो, की बाबा, माझा गुन्हा काय?

बगीच्यात पोहोचलो तं उजेड कमी झालेला, धूर पसरलेला, अन् माझ्या डोळ्यात मोतीबिंदू. तरी दिसलं. मास्तर वांगे चिरून राहिला होता, म्हणजे जाडजाडच चिरत होता. नामदेव आरात चिमटा खुपसून राहिला होता, अन् एका बाजूनं सारे रोडगे करपत होते. अन् माझ्या जागेवर, झाडाले टेकून, आरासमोर—

कोणीतरी बसला होता!

टोपी तिरपी. मान खाली. पाय पसरलेले, जसं काही बापाचं घर आहे. मी जवळ गेलो. अन् पाहतो तं काय? अंगात माझा कोट! तोच, राखाडी रंगाचा, कोपरावर ठिगळ असलेला, जो मी दिवाळीपासून घरभर शोधून राहिलो! म्हणजे नवा माणूस पाह्यला तो पाह्यला, त्याले माझी जागा देली, अन् वरून माझा कोट! म्हणजे बायकोबी त्यायच्यात सामील!

“ए!” मी ओरडलो.

नामदेव उभा झाला. “अरे गुलाब्या! आला काय—”

“तू चूप राय! तुझ्याशी मंग बोलतो. आधी याच्याशी बोलू दे.” मी त्या माणसासमोर काठी टेकून उभा झालो. “काहून रे? लाज नाही वाटत दुसऱ्याच्या जागेवर बसाले? कोण्या गावचा आहे तू?”

तो चूप.

“बोलत नाही? माजला काय? या जागेवर बसाले अक्कल लागते समजलं? तू काय रोडगे पलटवशीन? हात तं पाहा कसे टाकले, जसं काही त्यात जीवच नाही!”

मास्तर मागून म्हणे, “गुलाब्या, अबे आयक तं—”

“मास्तर, मधात बोलू नका! याचं तोंड पाहा. मी एवढा बोलून राहिलो, अन् हा मान वर करत नाही! असा मग्रूर माणूस मी आजवर पाह्यला नाही. अन् असा माणूस तुम्हाले माझ्या जागी पसंत पडला?”

तरी तो चूप. मंग माझी सटकली. उचलली काठी अन् हाणली टोपीवर.

फाडकन् आवाज झाला अन् डोकं फुटलं. दोन तुकडे होऊन माझ्या पायाजवळ पडलं!

देवाशप्पथ सांगतो, काठी हातातून सुटली. म्हटलं, गुलाबराव, गेले तुम्ही! या वयात खून! डोळ्यासमोर पोलीस, कचेरी, सारं फिरलं. तेवढ्यात तो माणूस डोक्याबिना एका बाजूले कलंडला, अन् कोटाच्या बाहीतून भसकन् कुटार, म्हणजे ढोराचा भुसा, बाहेर आलं.

मंग नामदेव पोट धरून खाली बसला अन् म्हणे, “मास्तर, पाहा हो! गुलाब्यानं गुलाब्याले मारलं!”

मी उभाच. मले काहीच समजेना. “कोण गुलाब्या?”

“हाच! बुजगावणं आहे बे ते! वांदरं येते ना संत्रा खाले, म्हणून उभं केलं. कोट तुझा, टोपी तुझी, तोंड वाकडं. मंग दुसरं कोणतं नाव ठेवाचं? सारे गडी गुलाब्याच म्हणते त्याले.”

“माझ्या नावाचं बुजगावणं! अन् मले सांगितलं नाही?”

“तुले सांगितलं असतं तं तू आला असता अन् म्हटलं असतं, हात आखूड, मडकं वाकडं, कुटार कमी. मंग संत्रा राहते बाजूलेच.”

मी तोंड उघडलं, कारण हात खरंच आखूड होते. पण म्हटलं, आधी मुद्दा. “बाकी जाऊ दे. तुम्ही मले वाळीत काहून टाकलं?”

“कोणी टाकलं?”

“खोटं बोलू नको! मी माझ्या कानानं आयकलं. तूच म्हटलं, तुझ्या घरात. गुलाब्याले वाळीत टाकलं, आतून सडला, वास मारते, डोकं रिकामं!”

दोघं एकमेकांकडं पाहाले लागले. मास्तरले आधी समजलं. त्यानं हातातलं वांगं खाली ठेवलं, बोटं खडू धरल्यासारखी वर केली अन् म्हणे, “गुलाब्या, तो वाळत म्हटला. वाळत! पाण्यानं पुरा भिजला होता तो. कुटार सडून वास सुटला, मडक्याले भेग पडली. म्हणून उन्हात वाळत टाकला. एका वेलांटीसाठी तू आम्हाले सोडून सावरगावले जाऊन बसला?”

“आयकताना वेलांटी दिसते काय मास्तर?”

“कोणता कान लावला होता दाराले?”

उजवा लावला होता. उजव्यानं मले फटाका बी ऊं ऊं आयकू येते.

“अन् टपरीमागं कुजबुजत होते ते?” मी म्हटलं. “डागदर, शेवटचं, ते काय होतं?”

नामदेवाचं हसू कमी झालं. “अबे, तू संत्र्याले गोड म्हटलं. तेही माझ्या. आमी दोघं रातभर झोपलो नाही. मंग तू येणंच बंद केलं. घरी आलो तं तू घरी नाही. आज हा बुढा वाळला, तं म्हटलं याले बसवू गुलाब्याच्या जागेवर. तुझी रिकामी जागा डोळ्यात खुपून राहिली होती.”

मी आपला नाक शिंकरून, धूर लई आहे म्हणून, गवऱ्यायले शिव्या देल्या.

तेवढ्यात झाडामागून तुपाची कासंडी घेऊन कोण आलं असेल? आमची बायको!

“तू इथं?”

“मले आवतन होतं,” ती म्हणे. “तुमालेबी होतं. तीनदा निरोप आला. सांगाले गेली तं म्हणे नाव काढू नको. म्हटलं, नाही काढत. नवऱ्याचं आयका लागते.”

“अन् कोट?”

“कोट मीच देला. तुमच्यापेक्षा त्याले बरा दिसत होता.”

असो. रोडगे करपलेलेच होते, पण मी उरलेले वाचवले. चिमटा हिसकून घेतला, नामदेवाले चार गोष्टी सुनावल्या, मास्तरच्या वांग्यायची जाडी काढली. मास्तर म्हणे, “आला बा, आपला माणूस आला.” मी म्हटलं, थंडी यंदा बिलकुल जास्त नाही. तो म्हणे, आहे. मी म्हटलं, नाही. असं छान जेवण झालं.

इथं संपलं असतं तं मी इज्जतीत घरी गेलो असतो. पण हात धुताना नामदेव म्हणे, “गुलाब्या, उद्याचं काय?”

“उद्याचं काय?”

“वांदरं येईल ना सकाळी. डोकं तं तू फोडलं. नवं मडकं येतपर्यंत उभं कोण राहीन?”

साऱ्यायनं माझ्याकडं पाह्यलं. बायकोनं तं कोटच झटकून माझ्या हातात देला.

म्हटलं, ठीक आहे! जे काम कुटार करते, ते मी नाही करू शकत? दुसऱ्या दिवशी सकाळीच कोट घातला, टोपी तिरपी केली, अन् बगीच्याच्या मधात जाऊन उभा राहिलो. थोड्याच वेळात वांदरायची टोळी आली. पुढं एक मोठा हुप्प्या, माझ्यासारखाच पांढऱ्या मिशायचा. मी काठी उगारली अन् तोंड उघडलं. काय सांगू तुम्हाले, जिंदगीत असा बोललो नाही! त्यायच्या खानदानापासून सुरुवात केली. फुकटं खाणारे, दुसऱ्याच्या झाडावर बसणारे, कामाचे ना धामाचे! हुप्प्या थांबला. माझ्याकडं पाह्यलं. मंग समोरच्या झाडावर नीट बसला, एक संत्रं तोडलं, अन् सोलत सोलत आयकाले लागला. त्याचं पाहून बाकीचेही बसले. लेकरं पोटाशी घेऊन बसले. मी जसा जसा रंगलो, तसे आणखी आले. मधात मी दम घ्याले थांबलो तं हुप्प्यानं मान हलवली, जसा काही म्हणते, होऊ द्या, होऊ द्या.

दुपारी नामदेव आला. झाडाखाली सालपटायचा सडा.

“अबे, हे काय?”

“एकाएकाले असा झापला ना नामदेवा, की नाव घेऊ नको!”

“अन् ते?”

“बसून आयकलं ना सगळ्यायनं.”

नामदेवानं डोक्याले हात लावला. “गुलाब्या, तो कुटाराचा मुका होता म्हणून भेत होते बे. काय करीन सांगता येत नाही म्हणून. तू तोंड उघडलं अन् त्यायले पयल्याच दिवशी समजलं, की हा माणूस फक्त बोलते! चाल, काढ तो कोट. उद्यापासून तू येऊ नको.”

तं असं आहे. बाकड्यावरून मले कोणी काढलं नव्हतं. पण बुजगावण्याच्या जागेवरून मले त्या दिवशी खरंखरं काढलं, तोंडावर सांगून, कोट उतरवून घेऊन. अन् माझ्या जागी कोण उभा केला? तोच. फुटक्या मडक्याले चिखल थापून.

तेव्हापासून एकही वांदर फिरकलं नाही म्हणते.